निरोप पोहोचविणारी वीज



शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेतील यंदाचे पुष्प गुंफण्याचा मान आपण मला दिला, याबद्दल मी चालकांचा ऋणी आहे. ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत अनेक वर्षे विज्ञान शिकविले. तेव्हा विज्ञानातलाच, पण माणसाच्या सुखदुःखाशी थेट निगडित असलेला विषय निवडावा, असे मला वाटले. मानेतील मज्जारज्जूला इजा होऊन हात निकामी झाल्यावर विजेच्या साहाय्याने त्या हाताची हालचाल परत आणता येते काय, आणि आणता आली तर ती कशाच्या बळावर टिकते, या दोन प्रश्नांचा विचार आज आपण करणार आहोत.

पुनर्वसन-वैद्यक हे माझे कार्यक्षेत्र. आजार बरा करणे आणि बरा न होणाऱ्या आजारासह जगणे सुसह्य करणे, या दोन कामांपैकी दुसरे काम आमच्याकडे येते. आपल्या देशात मज्जारज्जूच्या इजेचे सर्वांत मोठे कारण उंचावरून पडणे हे आहे. गोमंतकात आणि कोकणात हे निराळे सांगायला नको. माडावर चढणारा पाडेली, पोफळीच्या बागेत काम करणारा गडी, पावसाळ्यापूर्वी नळे शाकारायला छपरावर चढलेला घरचा कर्ता माणूस, यांच्यापैकी कोणीतरी एका क्षणात खाली येतो. त्यात दुचाकीचे अपघात आहेत. उथळ पाण्यात डोक्यावर सूर मारणारी तरुण मुले आहेत. इजा छातीच्या किंवा कमरेच्या पातळीवर असेल तर पाय जातात, पण हात राहतात. इजा मानेत असेल तर मात्र हातही जातात.

अशा रुग्णाला सर्वांत अधिक काय हवे असेल, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकजण म्हणतील, "चालता यावे." २००४ साली किम अँडरसन या संशोधिकेने अमेरिकेत मज्जारज्जूची इजा झालेल्या ६८१ व्यक्तींना हाच प्रश्न विचारला होता. ज्यांचे हातपाय दोन्ही गेले होते त्यांनी सर्वांत वरचे स्थान हाताच्या हालचालीला दिले, चालण्याला नव्हे. मला याचे आश्चर्य वाटले नाही. माडावरून पडलेल्या एका पाडेल्याने मला एकदा सांगितले होते की, पायांचे पुढे बघू, आधी नाकावर बसलेली माशी आपल्या हाताने हाकलता आली पाहिजे. चालण्यासाठी चाकाची खुर्ची आहे, ढकलणारे माणूस आहे. परंतु घास तोंडात घालणे, पाण्याचा पेला उचलणे, कपाळावरचा घाम पुसणे या गोष्टींसाठी दिवसातून शंभर वेळा दुसऱ्याला हाक मारावी लागणे, यात माणसाचे मन झिजते. म्हणून हाताचा प्रश्न हा प्रथम स्वाभिमानाचा प्रश्न आहे.

आता शरीरात नेमके काय घडते ते पाहू. आपण बोट हलवायचे ठरवितो तेव्हा मेंदूतून निघालेला निरोप दोन टप्प्यांत प्रवास करतो. पहिला टप्पा मेंदूपासून मज्जारज्जूतील ठरावीक पातळीपर्यंत. तेथे दुसरी मज्जापेशी तो निरोप घेते आणि स्वतःच्या लांब तंतूमधून स्नायूपर्यंत पोहोचविते. मानेतून अशा मज्जातंतूंच्या आठ जोड्या निघतात. स्थूल मानाने सांगायचे तर पाचवी जोडी खांदा उचलते व कोपर वाकविते, सहावी मनगट वर उचलते, सातवी कोपर सरळ करते, आणि आठवी व तिच्या खालची छातीची पहिली जोडी बोटांचे काम पाहते. समजा, पाचव्या-सहाव्या पातळीवर रज्जू चिरडला गेला. मेंदूचा निरोप तेथेच अडतो. परंतु त्याखालच्या, बोटांचे काम पाहणाऱ्या मज्जापेशी बहुधा जिवंत असतात. त्यांचे तंतू शाबूत असतात आणि स्नायूही जिवंत असतात. पुरात मोठा रस्ता वाहून जावा आणि गावातला पोस्टमन मात्र रिकामी पिशवी घेऊन आपल्या जागी बसून राहावा, तशी ही अवस्था आहे.

ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. बाहेरून दिलेली वीज सहसा स्नायूला थेट हलवीत नाही. ती स्नायूकडे जाणाऱ्या मज्जातंतूला चेतविते, आणि तंतू स्नायूला. तंतूला चेतविण्यास लागणारी वीज स्नायूला लागणाऱ्या विजेपेक्षा फार थोडी असते. म्हणून गावातला पोस्टमन जिवंत असेल तेथेच हा उपाय चालतो. पोलिओत मज्जारज्जूतील ही दुसरी पेशीच नष्ट होते, तेव्हा तेथे तो चालत नाही. मानेच्या इजेतही ज्या पातळीवर प्रत्यक्ष आघात झाला त्या पातळीच्या पेशी मरतात, आणि त्यांच्या ताब्यातील स्नायू विजेला दाद देत नाहीत. "लकवा म्हटला की विजेचे शेक" असा जो सरसकट समज आपल्याकडे आहे, तो यासाठी तपासून घ्यायला हवा. कोणता लकवा, हे आधी ठरले पाहिजे.

विजेने स्नायू आकुंचन पावतो हे ज्ञान जुने आहे. इटलीतील बोलोन्या येथील लुइजी गॅल्व्हानी याने बेडकाच्या पायांवर केलेले प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध केले. शाळेच्या पुस्तकात ते आपण वाचले आहेत. फ्रान्समधील द्युशेन या वैद्याने १८५५ मध्ये एकेका स्नायूला स्वतंत्रपणे वीज देण्याच्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला. परंतु आकुंचन म्हणजे उपयोगी हालचाल नव्हे. ती हालचाल योग्य वेळी, योग्य प्रमाणात आणि एखाद्या कामासाठी घडली पाहिजे. ही पायरी १९६१ मध्ये लिबरसन यांनी ओलांडली. पक्षाघाताने ज्यांचे पाऊल चालताना लोंबते अशा रुग्णांच्या बुटात त्यांनी एक कळ बसविली. टाच उचलली की कळेवरचा दाब सुटे, वीज वाहे आणि पाऊल वर उचलले जाई. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात चार्ल्स लाँग यांनी १९६३ मध्ये हातासाठी पट्टी आणि वीज यांचा मेळ घालणारे साधन तयार केले. हाताच्या या विद्येचे माहेर पुढे क्लीव्हलंडच झाले.

आता एक अडचण सांगतो. निसर्गाने स्नायूतील तंतूंचे गट केले आहेत. हलक्या कामासाठी लहान, न थकणारे गट आधी कामाला लागतात. जोर लागला की मोठे, लवकर थकणारे गट पुढे येतात. शिवाय सगळे गट एकाच क्षणी काम करीत नाहीत. देवाची पालखी निघते तेव्हा खांदेकरी जसे आळीपाळीने खांदा देतात, तसे हे गट पाळी बदलीत राहतात. म्हणून पालखी अखंड चालते आणि कोणी थकत नाही. बाहेरची वीज मात्र सगळ्यांना एकदम हाक मारते, आणि थकणाऱ्या मोठ्या गटांनाच आधी चेतविते. साहजिकच स्नायू लवकर दमतो. यावर उपाय म्हणून विजेचे ठोके सेकंदाचा काही दशसहस्रांश भाग टिकतील एवढेच आखूड ठेवतात, दर सेकंदाला होणाऱ्या ठोक्यांची संख्या बेताची ठेवतात आणि आठवडेच्या आठवडे व्यायाम देऊन स्नायूला दमदार करतात. एका दिशेने दिलेला प्रवाह लगेच उलट दिशेने काढून घेतात, म्हणजे शरीरातील पेशींना आणि विजाग्रांना इजा होत नाही. विजाग्र म्हणजे वीज जेथून शरीरात शिरते ते धातूचे टोक.

या सर्व अभ्यासातून हंटर पेकहॅम आणि त्यांच्या क्लीव्हलंडमधील सहकाऱ्यांनी हातासाठी शरीरात बसवायचे एक यंत्र घडविले. ते १९८६ मध्ये प्रथम एका रुग्णाच्या शरीरात बसविण्यात आले. पुढे 'फ्रीहँड' या नावाने त्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये मान्यता दिली. त्याची रचना कल्पक होती. छातीच्या कातडीखाली एक छोटी डबी, तिच्यातून निघालेल्या तारा कातडीखालूनच हातापर्यंत नेलेल्या, आठ विजाग्रे. डबीला बॅटरी नव्हती. छातीवर चिकटविलेल्या वेटोळ्यातून रेडिओलहरींनी तिला शक्ती आणि आज्ञा मिळत. आज्ञा द्यायची कशी? ज्याचा हात गेला आहे त्याचा खांदा शिल्लक असतो. दुसऱ्या बाजूच्या खांद्यावर एक संवेदक लावलेला असे. खांदा एका दिशेला हलविला की मूठ मिटे, दुसऱ्या दिशेला हलविला की उघडे. पेला धरण्यासाठी एक पकड आणि किल्ली किंवा चमचा धरण्यासाठी दुसरी, अशा दोन पकडी त्यात होत्या. दोनशेहून अधिक लोकांनी हे यंत्र बसवून घेतले. स्वतःच्या हाताने जेवणे, दात घासणे, लिहिणे ही कामे त्यांच्यापैकी अनेकांना पुन्हा करता येऊ लागली.

गोष्ट येथे संपली असती तर मला आज दुसरा प्रश्न मांडण्याचे कारण नव्हते. मान्यता मिळून चार-पाच वर्षे होतात न होतात तोच हे यंत्र तयार करणाऱ्या कंपनीने ते बाजारातून काढून घेतले. यंत्र निरुपयोगी ठरले होते असे नव्हे. ग्राहक थोडे, शस्त्रक्रिया मोठी, खर्च भारी, आणि विमा कंपन्यांकडून पैसे मिळविणे जिकिरीचे. व्यापाराचा हिशेब जुळला नाही. परंतु ज्यांच्या छातीत ती डबी होती त्यांचे काय? बाहेरची तार तुटली, नियंत्रक बिघडला, तर सुटा भाग आणायचा कोठून? एकदा गेलेला हात पुन्हा मिळाला, आणि तो आता एखाद्या सुट्या भागावाचून दुसऱ्यांदा जाणार, ही भीती किती दारुण असेल, याची कल्पना करून पाहा. क्लीव्हलंडमधील संशोधकांनी या मंडळींना वाऱ्यावर सोडले नाही. नफ्याचा हेतू न ठेवता अशी साधने रुग्णांपर्यंत पोहोचविण्यासाठी तेथील विद्यापीठात पुढे एक संस्थाही उभी राहिली. या प्रकरणातून मी घेतलेला बोध असा की, हालचाल देणे हे यंत्राचे काम आहे, पण दिलेली हालचाल टिकविणे हे माणसांचे आणि संस्थांचे काम आहे.

ज्यांची इजा याहूनही वरची आहे, त्यांना आज्ञा देण्यासाठी खांदाही पुरेसा स्वाधीन नसतो. त्यांच्यासाठी संशोधकांनी थेट मेंदूकडे धाव घेतली. बिल कोचेवार या क्लीव्हलंडच्या गृहस्थांना २००६ मध्ये सायकलच्या अपघातात मानेच्या चौथ्या पातळीवर इजा झाली होती. आठ वर्षे त्यांचे हात निश्चल होते. २०१४ च्या डिसेंबरात त्यांच्या मेंदूच्या हालचाल-केंद्रावर औषधाच्या लहान गोळीएवढे दोन विजाग्रसंच बसविण्यात आले. प्रत्येकात ९६ सूक्ष्म विजाग्रे होती. दंडात व पुढच्या हातात ३६ विजाग्रे बसविली. त्यांनी मनात हात हलविण्याचा विचार करायचा, संगणकाने मेंदूतील स्पंदनांवरून तो ओळखायचा आणि त्याप्रमाणे स्नायूंना वीज द्यायची. मधला वाहून गेलेला रस्ता वळसा घालून पार करण्याची ही युक्ती होती. आधी संगणकाच्या पडद्यावरील आभासी हात हलविण्याचा सराव त्यांनी पुष्कळ दिवस केला. खांद्याचे स्नायू हाताचे वजन पेलण्यास असमर्थ असल्याने हाताखाली एक चालता आधारही द्यावा लागला, आणि तोही विचारानेच वर-खाली होई. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा वृत्तांत आला. विजाग्रसंच बसविल्यानंतर ४६३ व्या दिवशी एका बैठकीत कॉफी पिण्याचे १२ प्रयत्न झाले, त्यांपैकी ११ यशस्वी झाले. ७१७ व्या दिवशी कोचेवार स्वतःच्या हाताने जेवले.

हे आकडे मी मुद्दाम सांगितले. वर्तमानपत्रांच्या मथळ्यात "विचाराने हात हलला" एवढेच येते. त्यामागचे ४६३ दिवस येत नाहीत. २०१७ च्या अखेरीस कोचेवार निवर्तले. हे यंत्र आपल्या हयातीत घरी नेता येणार नाही, तो प्रयोगशाळेतला प्रयोगच राहील, हे माहीत असूनही त्यांनी आपले शरीर आणि आपले दिवस या कामी दिले. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात संशोधकांची नावे मोठ्या अक्षरांत लिहिली जातात. अशा माणसांचीही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिली जावीत.

दुसरे उदाहरण इयन बर्कहार्ट या तरुणाचे. २०१० मध्ये समुद्रात सूर मारताना त्याची मान मोडली. ओहायो राज्यातील संशोधकांनी २०१४ मध्ये त्याच्या मेंदूत विजाग्रसंच बसविला आणि शरीरात तारा न घालता पुढच्या हातावर विजाग्रांची एक बाही गुंडाळली. त्याला बाटली उचलून ओतता येऊ लागली, बोटे वेगवेगळी हलविता येऊ लागली. २०१६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. मात्र हे सारे प्रयोगशाळेतच. घरी परतल्यावर हात पुन्हा पूर्ववत. पुढे जंतुसंसर्गामुळे २०२१ मध्ये मेंदूतील संच काढून टाकावा लागला. त्या सात वर्षांनी विज्ञानाला पुष्कळ दिले; परंतु तो हात त्याच्या घरापर्यंत आला नाही.

अगदी अलीकडे आणखी एक वाट दिसू लागली आहे. मज्जारज्जूची इजा पुष्कळदा पूर्ण नसते. काही तंतू वाचलेले असतात, पण त्यांचा आवाज क्षीण झालेला असतो. मानेच्या कातडीवर विजाग्रे चिकटवून रज्जूलाच हलकीशी वीज दिली आणि त्याच वेळी हाताचा कसून व्यायाम घेतला, तर तो क्षीण आवाज स्नायूंपर्यंत पोहोचू शकतो. २०२४ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात ६० रुग्णांपैकी ७२ टक्क्यांच्या बाबतीत हाताचे बळ आणि कार्य या दोन्हींत सुधारणा आढळली. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत या साधनाला परवानगी मिळाली. यात शस्त्रक्रिया नाही, ही मोठी जमेची बाजू. परंतु वाचलेले तंतू हवेत आणि व्यायाम हवा. नुसती वीज लावून स्वस्थ बसणाऱ्याला यातून काही मिळत नाही.

आता कोणीही विचारील की, क्लीव्हलंडची ही कथा ऐकून आपण गोमंतकात बसून काय करायचे? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर तीन भागांत आहे.

पहिला भाग अपघाताच्या क्षणाचा. माडाखाली पडलेल्या माणसाला चौघे मिळून हातापायांना धरून उचलतात आणि रिक्षात कोंबतात. हेतू चांगला असतो, पण अर्धवट इजा त्या उचलण्यात पूर्ण होऊ शकते. मान न हलविता, डोके आणि धड एका रेषेत ठेवून, फळीवर किंवा घराच्या दारावर निजवून न्यायचे, एवढे ज्ञान आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाला मिळाले पाहिजे. वाचलेला प्रत्येक तंतू पुढच्या सगळ्या यंत्रांपेक्षा मोलाचा आहे.

दुसरा भाग पुढच्या वर्षांचा. निकामी हाताचे सांधे रोज हलवून मोकळे ठेवले नाहीत तर बोटे आखडतात, आणि आखडलेल्या बोटांना कोणतीही वीज उघडू शकत नाही. हे काम आई, पत्नी, भाऊ यांनी शिकून घ्यायचे असते. त्याला पैसे लागत नाहीत, चिकाटी लागते. शिवाय वीज हा एकच मार्ग नाही. चांगल्या स्नायूचा कंडरा दुसरीकडे जोडून हालचाल मिळविण्याची शस्त्रक्रिया आपल्या देशाला नवी नाही. वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरुग्णांचे हात याच विद्येने कामाला लावले. मानेच्या इजेतही तीच विद्या उपयोगी पडते. क्लीव्हलंडच्या शल्यवैद्यांनीदेखील विजेला तिची जोड दिली होती. त्याच वेल्लोरमध्ये डॉ. मेरी व्हर्गीस यांना १९५४ च्या अपघातात कमरेखाली पक्षाघात झाला. त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे पुनर्वसनाचा विभाग उभा केला. मुंबईत हाजीअलीजवळ पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून आहे. म्हणजे ज्ञानाची कमतरता नाही. ते ज्ञान वेळेवर रुग्णाच्या घरी पोहोचत नाही, ही कमतरता आहे.

तिसरा भाग आपल्या माजी विद्यार्थ्यांसाठी. तुमच्यापैकी कितीतरी जण अभियंते आहेत, वैद्य आहेत, उद्योग चालविणारे आहेत. कातडीवर लावायचे साधे उद्दीपक आपल्याकडे मिळते. ते बिघडले की महिनोन्‌महिने कपाटात पडून राहते, कारण दुरुस्त करणारा हात जवळ नसतो. तेव्हा देणगी देताना यंत्र विकत घेण्यापुरती देऊ नका. त्याच्या पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद करा. उद्घाटनाला फीत कापणारे पुष्कळ असतात. पाचव्या वर्षी तुटलेली तार जोडून देणारा विरळा. त्या विरळ्याच्या हातांवर दुसऱ्या एखाद्याचा हात अवलंबून असतो.

विजेने मेलेले जिवंत होत नाही. जे जिवंत असून वाट पाहत बसले आहे त्याच्यापर्यंत ती निरोप पोहोचविते. तिची मर्यादा तेवढी आणि तिची थोरवीही तेवढी. निरोप एकदा पोहोचला की रोज पोहोचत राहील, ही व्यवस्था मात्र आपल्याला, समाज म्हणून, करायची आहे. तसे झाले तर कोणा पाडेल्याला नाकावरची माशी हाकलण्यासाठी हाक मारावी लागणार नाही, आणि विज्ञानाकडून आजच्या घडीला एवढे मागणे मुळीच लहान नाही.